शिळी कोजागिरी

हितेंद्र घाडीगावकर तुम्हाला "दोन मिनिटं थांब" म्हणाला, तर खुर्ची घेऊन बसा. त्याची दोन मिनिटं घड्याळातली नसतात, आभाळातली असतात. मी त्याच्या शेजारच्याच खोलीत वाढले, लग्न मोडून परत आले तीसुद्धा त्याच खोलीत, आणि आता तिथूनच पोळी-भाजीचे डबे देते. त्यामुळे त्याला हित्या म्हणायचा आणि शिव्या घालायचा हक्क माझाच आहे.

स्वतःच्या लग्नात काय केलं सांगू? अंतरपाट दूर झाला, प्रिती हार घेऊन उभी, आणि हा नवरदेव फोटोवाल्याला ओरडतोय, "थांब रे, खिडकीतून ऊन येतंय, दोन मिनिटं!" भटजी घायकुतीला आले, सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. ऊन आलंच नाही. प्रितीने ती दोन मिनिटं बरीच वर्षं सोसली आणि मग एक दिवस माहेरी गेली ती गेलीच. भांडण नाही, तंटा नाही. मला एवढंच म्हणाली, "सुचित्राताई, ह्यांना मी उजेडात कधी दिसलेच नाही." मला तेव्हा हसू आलं होतं.

हिंदमाताला त्याचा छोटा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, साखरपुडे. मोबाइल आले आणि तो बंद पडला. मग लग्नाच्या सीझनला दुसऱ्यांकडे कामाला जायचा आणि बाकीचे दिवस आभाळ बघायचा. फोनमध्ये कसलंसं ॲप होतं, त्यात नकाशावर रेघा. सूर्य इथून उगवणार, चंद्र तिथून वर येणार, अमुक दिवशी अमुक इमारतीमागून. अमावास्या आली की बॅग भरून गावाला पळायचा, सड्यावर, उघड्या कातळावर, ताऱ्यांचे फोटो काढायला, कारण लालबागला तारे म्हणजे टॉवरवरचे लाल दिवे. वेडा नव्हता हो. फोटो आला की असा यायचा की बघणारा गप्प व्हायचा. पण दहा ठरवायचा तेव्हा एक यायचा, बाकी नऊ वेळा ढग, धूर नाहीतर नवीन बांधकाम.

आणि ह्या माणसाने अख्ख्या लालबागचे फोटो काढले, पण बापाचा एक नाही. आधार कार्डावरचा सोडला तर बुधाजी घाडीगावकर ह्या जगात होते ह्याला पुरावा नाही. का? तर कधी उजेड बरोबर नव्हता.

अप्पा म्हणायचो आम्ही सगळे त्यांना. गिरणीत होते, संपापर्यंत. कापसाची धूळ छातीत घेऊन बाहेर पडले आणि ती शेवटपर्यंत निघाली नाही. गेली दोन वर्षं कॉटवरच. खोलीला एकच खिडकी, तीही पॅसेजमध्ये उघडणारी. दिवसा ट्यूबलाइट, रात्री ट्यूबलाइट. गणपती झाल्यावर डॉक्टरांनी हित्याला बाहेर बोलावून सांगितलं की दिवाळी बघतील असं काही सांगता येत नाही. मी डबा घेऊन दारातच उभी होते, मी ऐकलं. मला वाटतं अप्पांनीही ऐकलं, कारण त्या संध्याकाळी मला म्हणाले, "गो सुची, माका एकदा चंद्र बघूचो आसा. दोन वर्षां झाली, दिसाक नाय."

बस, एवढंच मागितलं. माणूस शेवटाला काशी मागतो, नातवंडं मागतो. ह्यांनी गच्चीवर नेऊन चंद्र दाखव म्हटलं.

मी हित्याला सांगितलं तर त्याचे डोळेच चमकले. मला वाटलं, चला, पोराला पाझर फुटला. फुटलाच होता, खोटं कशाला बोलू, पण त्याच्या पद्धतीने. रात्रभर ॲप घेऊन बसला आणि सकाळी माझ्या ओट्याशी येऊन म्हणाला, "सुची, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चंद्र बरोबर चिमणीच्या मागून येतोय."

आमच्या गच्चीवरून पूर्वेला एक चिमणी दिसते, अप्पांच्याच गिरणीची. गिरणी पाडली, जमीन विकली, चिमणी तेवढी उभी ठेवली. तिच्या उजव्या अंगाला टॉवर चढतोय, हिरव्या जाळीत गुंडाळलेला. डावीकडे दुसऱ्याचा पाया खणून झालाय. पुढच्या वर्षी आमच्याकडून चिमणी दिसणार नाही.

हित्याने मला समजावलं ते असं. कोजागिरी सोमवारी. सोमवारी चंद्र उजेड असतानाच येतो आणि येतो तोही टॉवरच्या मागून, चिमणीला सोडून. मंगळवारी तो जरा डावीकडे सरकतो आणि तिन्हीसांजेला येतो. तेव्हा मावळतीचा उरलेला उजेड अप्पांच्या तोंडावर, पाठीमागे चिमणी, चिमणीमागे चंद्र, आणि पुढचा-मागचा उजेड सारखा. थोड्या वेळाचा खेळ, मग चंद्र उजवीकडे सरकत टॉवरमागे जाणार. चंद्र मोठा दिसायचा तर कॅमेरा लांब हवा, म्हणून हा स्वतः मागच्या चाळीच्या गच्चीवर उभा राहणार.

"अरे पण कोजागिरी सोमवारी आहे ना?" मी म्हटलं. "सोमवारी अख्खी चाळ वर असेल. सोमवारीच ने की त्यांना."

"दोनदा नेणं झेपणार नाही त्यांना. डॉक्टर तर एकदासुद्धा नको म्हणतायत. एकदाच न्यायचं तर मंगळवारी."

"आणि मंगळवारी ढग आले तर?"

"नाही येणार," म्हणाला. जसा काही ढगांशी बोलून आला होता.

सोमवारी संध्याकाळपासून चाळीत गडबड. गच्चीवर सतरंज्या, मोठ्या पातेल्यात केशराचं दूध, पोरींच्या गाण्याच्या भेंड्या, हाउजीचे आकडे ओरडणं. सगळं खाली अप्पांना ऐकू येत होतं. मी चादर बदलायला गेले तर अप्पा हित्याला विचारत होते, "आज कोजागिरी मां रे? मगे माका वर न्हे."

"उद्या, अप्पा. उद्या चंद्र जास्त चांगला आहे."

अप्पांनी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "कोजागिरी शिळी करतत काय रे?"

मला हसू फुटलं, हित्यालाही. अप्पा हसले नाहीत.

रात्री चंद्र टॉवरच्या डोक्यावर आला. काय सांगू, बाई गं, एक ढग नाही! गच्ची दुधासारखी झाली होती. वैभव आणि शिवा, चाळीतले दोघे दांडगे, माझ्याकडे येऊन म्हणाले, "मावशी, अप्पांना आणू का? दोन मिनिटांचं काम आहे." मी हित्याला विचारलं. तो नाही म्हणाला. मी पुन्हा विचारलं, चांगली भांडले चारचौघांत. तो म्हणाला, "सुची, बाप माझा आहे." मी पेलाभर दूध घेऊन खाली गेले.

कोजागिरीचं दूध आधी चंद्राला दाखवतात, त्यात चंद्र बघतात आणि मग पितात. अप्पांनी पेला दोन्ही हातांनी धरला, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "ह्येच्यात ट्यूबलायटच दिसता गो."

मी दिवा बंद केला तर काहीच दिसेना. तसंच प्यायले बिचारे.

मंगळवारी दुपारपासून हित्याची धावपळ. अप्पांची दाढी केली, पांढरा सदरा घातला, टोपी घातली. गच्चीवर खडूने खुर्चीच्या चार पायांच्या खुणा करून आला. वैभव आणि शिवाने प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना वर आणलं. जिन्यात दोनदा थांबावं लागलं, श्वास लागत होता. पण वर आल्यावर वारा लागला आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की माझा हित्यावरचा राग अर्धा उतरला. मान वर करून म्हणाले, "केवढा आभाळ गो!"

खुर्ची खुणेवर ठेवली. तोंड पश्चिमेला, कॅमेऱ्याकडे. पाठ चिमणीला.

माझ्या फोनवर हित्याचा आवाज. "सुची, तू डावीकडे हो, फ्रेममध्ये येतेयस. अप्पांना सांग, इकडे बघा, हलू नका."

ढग नव्हते. मेल्याचं गणित चुकलं नव्हतं. चिमणीच्या मागून चंद्र वर आला, तांबूस, एवढा थोरला की वैभव "आईशप्पथ!" म्हणून ओरडला. शिवाने हात जोडले. आम्ही तिघंही तोंड वासून बघत होतो, आणि अप्पा बघत होते मागच्या चाळीच्या पाण्याच्या टाकीकडे, कारण तिथे त्यांचा मुलगा उभा होता.

"इलो?" त्यांनी विचारलं. "खंय आसा? माका दाखव गो."

मी फोनवर म्हटलं, "हित्या, वळवते त्यांना."

"अगं नको नको! आत्ताच बरोबर आलाय. दोन मिनिटं, दोन मिनिटं फक्त! मान सरळ ठेवायला सांग!"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली. "तुझी दोन मिनिटं गेली खड्ड्यात," म्हणून मी फोन कापला आणि खाली वाकून खुर्चीच्या हाताला हात घातला. तर अप्पांनी माझं मनगट धरलं. मान न हलवता, तोंड तिकडेच ठेवून हळूच म्हणाले, "ऱ्हवांदे गो बाय. झिलाचो फोटो होवंदे."

मी हात काढला. पोराचा फोटो होऊ दे म्हणतायत, त्यांच्यापुढे मी कोण?

पलीकडून हित्याने दोन्ही हात वर करून झालं अशी खूण केली, तशी आम्ही खुर्ची गर्रकन वळवली. तोवर चंद्र टॉवरमागे गेला होता. हिरव्या जाळीमागे नुसता उजेड. चिमणी तेवढी दिसत होती. वर निघेल थोड्या वेळाने, थांबू या, असं शिवा म्हणाला, पण अप्पांचा श्वास वाजायला लागला होता, ओठ काळे पडले होते. उचललं आणि खाली आणलं. जिन्यात मला म्हणाले, "माका दिसलो नाय गो." कुरकुर नव्हती त्यात. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाले.

हित्या ट्रायपॉड आवरून, मागच्या चाळीचे जिने उतरून, वळसा घालून आला तोवर अप्पांना कॉटशेजारचा ऑक्सिजन लावला होता. ते डोळे मिटून पडले होते. ह्याने त्यांचा हात हातात घेतला आणि रडला. "अप्पा, काय फोटो आलाय! काय चंद्र होता ना?" अप्पांनी मान हलवली. हो म्हणाले की श्वासाबरोबर हलली, देव जाणे. दिवाळी चार दिवसांवर असताना गेले.

तेराव्याला हित्याने तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला. येणारा दारातच थबकायचा. पांढऱ्या सदऱ्यातले अप्पा, छातीपासून वर, मागे गिरणीची चिमणी, तिला टेकल्यासारखा तो चंद्र. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसतेय. गावाहून आलेली म्हातारी माणसं फोटोला नमस्कार करून म्हणत होती, "भाग्यवान हो बुधाजी." आणि हित्या प्रत्येकाला सांगत होता, "शेवटची इच्छा होती त्यांची, चंद्र बघायचा. तेवढं तरी माझ्या हातून झालं."

मी स्वयंपाकघरात वडे तळत होते. प्रत्येक वेळी ते वाक्य कानावर आलं की माझा झारा थांबायचा. बोलून काय करायचं होतं? प्रिती आली होती, तीसुद्धा फोटोसमोर उभी राहून रडली.

सगळे गेल्यावर मी भांडी आवरत होते. हित्या फोटोसमोर खाली बसला होता, टकलावर हात फिरवत. म्हणाला, "सुची, ह्यात एकच चूक राहिली. ओठ हललेत त्यांचे. हीच एक फ्रेम बरोबर होती आणि हिच्यातच काहीतरी बोलतायत ते. तू शेजारी होतीस ना? काय म्हणत होते?"

मी म्हटलं, "जाऊ दे रे, झोप आता."

"सांग ना. चंद्राबद्दल काहीतरी म्हणाले असतील."

असा आशेने बघत होता की मला त्याची दयाही आली आणि संतापही आला. एवढी वर्षं प्रत्येक माणसाला उभं करून ठेवलं ह्याने आणि एकदाही कोणाला विचारलं नाही की बाबा, तुला तिथून काय दिसतंय. मी हात पुसले आणि सांगून टाकलं. मी खुर्ची वळवत होते ते, त्यांनी मनगट धरलं ते, झिलाचो फोटो होवंदे म्हणाले ते. आणि मग जिन्यात काय म्हणाले ते.

त्याने विचारलं, "म्हणजे बघितलाच नाही?"

"नाही रे."

हित्याने फोटोकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून, लहान पोर तक्रार करतं तशा आवाजात म्हणाला, "पण मागेच होता गं त्यांच्या. एवढा मोठा."