दीपाचं नको

"आऽ कर बाळा, आऽ कर," म्हणत भाऊंनी केकचा तुकडा दीपाच्या तोंडात कोंबला. बाळ वीस वर्षांचं होतं. माझी मुलगी. तिची समज उशिरा आणि थोडीच वाढली, बोलता जवळजवळ येत नाही. आणि तोंडाला कुणी हात लावलेला तिला अजिबात खपत नाही.

ती थुंकली. केक भाऊंच्या पांढऱ्या शर्टावर.

चिखलीत अशा मोठ्या झालेल्या मुलामुलींची एक कार्यशाळा आहे. कागदी पिशव्या करायच्या, पणत्या रंगवायच्या. शेड भाऊंची, म्हणजे आमच्या नगरसेवकांची. म्हणून त्यांच्या दर वाढदिवसाला मुलांना रांगेत उभं करून केक भरवायचा, फोटो काढायचे. मागून एक कार्यकर्ता म्हणाला, "ह्या येडीला कशाला पुढं आणली राव?" कार्यशाळेच्या बाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी हात जोडून माफी मागितली. भाऊ हसले. "असू द्या ताई, देवाघरची लेकरं ही."

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. भाऊ दोन मजली, आणि कोपऱ्यात केकनं बरबटलेलं दीपाचं तोंड. चाकणला जाणारी आमची कंपनीची बस त्याच सिग्नलला थांबते. अख्ख्या फर्स्ट शिफ्टनं पाहिलं. मी मान खाली घालून बसले.

आम्हा पालकांचा एक गट आहे. रविवारी एका लेथवाल्याच्या गाळ्यात जमतो, त्याचा मुलगा स्वमग्न आहे. तिथं मी रडून सगळं सांगितलं. लेथवाल्याची बायको म्हणाली, "केक पायजे का, असं तिला इचारलं व्हतं का कुणी?"

कुणीच नव्हतं. मीही नाही.

तिनंच दीपाला हात वर करून 'नको' म्हणायला शिकवलं. फार महिने लागले. आम्हालाही नियम घातला: हात वर गेला की समोरच्यानं थांबायचं. पहिल्यांदा दीपानं कारल्याला हात वर केला. मी ताट मागे घेतलं, तेव्हा ती केवढी हसली!

पुढच्या वाढदिवशी केक आला. दीपाचा हात वर गेला. भाऊंचा थांबला नाही. मी मध्ये शिरले.

"ती नको म्हणतेय."

"तिला काय कळतंय, ताई?"

"तिला नको कळतं. तुम्हाला कळत नाही."

या वेळी मी हात जोडले नाहीत.

आठवड्याच्या आत दीपाची जागा गेली. बाई फोनवर रडत होत्या. "शेड काढून घेतील हो. बाकीच्या पोरांचं काय करू?" खोटं नव्हत्या बोलत. गट दुसऱ्या शेडसाठी महापालिकेत अर्ज करतो, हेलपाटे घालतो. कुणी दाद देत नाही. शाळेचं वय संपल्यावर या मुलांनी जायचं कुठं? माझ्यामागे तिचं काय? हा प्रश्न तर आम्ही गटातही काढत नाही.

घरात आम्ही दोघीच. तिची जागा गेल्यापासून कामावर जाताना मी तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचे. काल कुलूप हातात घेतलं आणि दीपा दारात आली. हात वर.

मी कुलूप लावलं. बसमध्ये बसले. भाऊंच्यात आणि माझ्यात काय फरक राहिला, हेच चाकणपर्यंत डोक्यात.

उद्या दीपाला घेऊन कार्यशाळेच्या दारात बसणार आहे. आत घेणार नाहीत, ठाऊक आहे. परवाही बसणार. कंपनी काढून टाकेल. टाकू दे. कुलूप मी भंगारवाल्याला देऊन टाकलंय.