सात नंबरची बादली

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडात, आमच्या स्वयंपाकघरात, गॅसवर दूध ठेवून उभी होते. त्यांची सून महादेवी बोलत होती. "ताई, अप्पा गेले. चहा पिऊन पेपर वाचायलते, तसंच मान टाकली. दुपारी नेणार हावोत." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि दूध उतू गेलं. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. रडू नंतर यष्टीत आलं, अहमदपूरच्या पुढं. आधी नुसता राग, की या म्हाताऱ्यानं मला बोलायचं राहून गेलेलं बोलूच दिलं नाही. आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला चाळीस वर्षं होती. होती ना. म्हणून तर तो राग इतका वाईट होता, कारण तो खरा कुणावर आहे हे मला ठाऊक होतं.

लातूरला पोचले तेव्हा अप्पांना बसवलं होतं. अप्पा लिंगायत, त्यांच्यात बसवूनच नेतात. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगावर पांढरं धोतर, मान किंचित डावीकडं. आमच्या बास्केटबॉलच्या मैदानाच्या भिंतीशी ते अगदी असेच बसायचे, पालथ्या घागरीवर. आलेला प्रत्येक माणूस हात जोडून "शरणार्थ" म्हणत होता. मीही म्हटलं.

दहाव्या दिवशी मैदानावर शोकसभा झाली, आणि तिथं माझं डोकं फिरलं. अध्यक्ष कोण, तर आमच्या जिल्हा संघाचे तेव्हाचे चिटणीस. आता पिकलेत, काठी घेऊन चालतात, पण आवाज तोच, हुकूम सोडायचा. म्हणाले, अप्पांनी दुष्काळात पाणी शिंपडून या मातीतून खेळाडू घडवले. म्हणाले, आमचा आणि त्यांचा जुना स्नेह. ज्या माणसानं अप्पांना या मैदानातून हाकलून दिलं, तो माणूस त्याच मैदानावर उभा राहून स्नेह सांगत होता, आणि लोक माना डोलवत होते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उठून बोलायला हवं होतं. मी मूग गिळून बसले, आणि त्यातही नवं काही नव्हतं.

अप्पा कोण, ते आधी सांगते. मैदानाला लागून त्यांचं भांड्यांचं दुकान. पोरींचं बास्केटबॉल गावात नवं होतं, आम्ही शाळेतल्या दहाबारा जणी सलवारीवर खेळायचो, आणि एकदा आमचा चेंडू भिंतीवरून जाऊन त्यांच्या नव्या पितळी घागरीवर बसला. घागर चेपली. अप्पा ती हातात घेऊन भांडायला आले. आम्ही घाबरून उभ्या, आणि शाहीननं, म्हणजे आमच्या नऊ नंबरनं, त्यांच्याकडं न बघताच चेंडू उचलून रिंगमधून टाकला. जाळी नव्हतीच, नुसता लोखंडाचा आवाज झाला. अप्पा थांबले. "पुन्हा टाक बरं," म्हणाले. तिनं टाकला. मग ते ती चेपलेली घागर पालथी घालून भिंतीशी बसले आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बसू लागले. स्वतः कधी चेंडूला हात लावला नाही. पण नियमाचं पुस्तक आणवून आमच्या सरांकडून वाचून घेतलं, रिंग वाकडी आहे हे ओळंबा लावून सिद्ध केलं, आणि आम्हाला नावानं हाक न मारता नंबरानं मारू लागले. पोरींची नावं बाजारात कशाला, म्हणायचे.

आमच्या सामन्यांचा हंगाम दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. संक्रांत बरोबर मधोमध यायची, आणि अप्पांनी तोच दिवस धरला होता. सगळं गाव तिळगूळ घ्या गोड बोला करत असायचं आणि अप्पा दुकानातला तपकिरी कागद उलगडून आम्हाला ओळीनं उभं करून अर्ध्या हंगामाचं परीक्षण वाचायचे. "गोड उद्या बोलू," म्हणायचे, "आज खरं बोलायचंय." चार नंबर, पळती लई, पोचत कुठंच न्हाई. अकरा नंबर, बोर्डाखाली उभी राहती जशी बसची वाट बघायलीय. नऊ नंबर, हिला पास द्या, बाकी शहाणपण करू नका. आणि सात नंबर, म्हणजे मी. "हात चांगला हाय. पण पास चुकला की दुसरीकडं बघती, जसं काय चुकलं ते दुसऱ्याच कुणाचं."

पहिल्या वर्षी हे ऐकून मी तिळगूळ त्यांच्या हातावर न ठेवता घागरीवर ठेवून गेले होते, इतकी चिडले होते. चार दिवस बोलले नाही. शाहीन मात्र खो खो हसली. "खरं हाय की गं," म्हणाली, "तू बघतीसच दुसरीकडं." तिच्यावर रागावता यायचं नाही, ती तशी होती. शाळेपासून आम्ही एका बाकावर. तिच्या डब्यातला खिचडा माझा, माझ्या डब्यातलं धपाटं तिचं.

एक नियम अप्पांना फार आवडायचा. तेव्हा फाऊल झाला की पंच शिट्टी मारायचा, नंबर पुकारायचा आणि जिचा फाऊल असेल तिनं टेबलाकडं तोंड करून हात वर करायचा. अप्पा म्हणायचे, हा नियम गावात पाहिजे, ग्रामपंचायतीत पाहिजे, घराघरात पाहिजे. एखादी पोर हात वर करायला कुरकुरली की भिंतीजवळून ओरडायचे, "हात वर! हात वर केल्यानं कुणी मरत न्हाई."

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. त्याआधी निवड चाचणीला उस्मानाबादला जावं लागायचं आणि आम्हाला खड्यासारखं बाजूला काढायचे. आता आपला जिल्हा, आपला संघ. चिटणीस नेमले गेले, शिक्के आले, लेटरहेड आलं. रिंगला जाळी आली नाही. अप्पांनी हे भर बैठकीत बोलून दाखवलं आणि चिटणीसांच्या मनात तेव्हापासून ते ठेचेसारखं राहिलं. आणि त्याच वर्षी पाऊस रुसला. नळाला आठ दिवसांनी पाणी. आमचं मैदान मातीचं, रोज शिंपडलं नाही तर पावलागणिक धूळ आणि भेगा. लोक म्हणायचे, माणसांना प्यायला न्हाई आन् ह्या पोरी मातीला पाजायल्यात. अप्पांनी तोड काढली. प्रत्येकीनं घरून एक बादली वापरलेलं पाणी आणायचं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, अंघोळीचं बिनसाबणाचं. त्यांनी दुकानातून आम्हाला पत्र्याच्या एकसारख्या बादल्या दिल्या आणि प्रत्येकीवर निळ्या रंगानं नंबर घातला. अट एकच. "साबणाचं पाणी न्हाई. ही माती बारीक हाय, साबण बसला की शेवाळावाणी होती."

संक्रांतीला चार दिवस होते. आम्ही अर्धे सामने खेळून एकच हरलो होतो. नांदेडच्या संघाला त्यांच्याच मैदानावर हरवून आलो होतो, त्यातले निम्म्याहून जास्त गुण शाहीनचे. राज्याच्या निवडीला तिचं नाव जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या अब्बांनाही. त्यांनी कधी नव्हे ते तिला बूट आणून दिले होते. त्या दिवशी मला घरून निघायला उशीर झाला. तांदळाचं पाणी आईनं गाईला पाजलं होतं, आमची गाय गाभण होती. मोरीत कपडे खळबळलेलं पाणी होतं, पांढरं, फेस उतरलेलं. मला अट माहीत होती. एवढ्यानं काय होतंय, असं मनात म्हटलं, बादली भरली, पळत गेले आणि सरळ रिंगखाली ओतली.

दहा मिनिटांनी शाहीन ड्रिबल करत आली, उडाली, चेंडू आत गेला. खाली आली तेव्हा पाय राहिलाच नाही जागेवर. गुडघ्यातून आलेला तो आवाज मला अजून ऐकू येतो… ती किंचाळली नाही. फक्त माझं नाव घेतलं, कारण सगळ्यात जवळ मी होते.

सगळे गोळा झाले. चिटणीसही त्या दिवशी हजर. अप्पा आले, वाकले, चिमूटभर चिखल उचलला, नाकाजवळ नेला. मग भिंतीशी ओळीनं ठेवलेल्या बादल्यांकडं बघितलं. एकीच्या काठाला फेसाची पांढरी कड होती. मग माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

"ह्या घाणेरड्या पाण्याची अक्कल कुणाची?" चिटणीसांनी विचारलं.

"माझी," अप्पा म्हणाले.

"पाणी कुणी आणलं न्हाई विचारत मी. अक्कल कुणाची?"

"माझीच म्हणून सांगायलो की."

झालं. चिटणीसांना तेवढंच हवं होतं. म्हाताऱ्याच्या नादानं जिल्ह्याची पोर पांगळी झाली, असं गावभर झालं. उद्यापासून हा माणूस मैदानात दिसता कामा नये, असं पत्र निघालं आणि खाली आम्हा पोरींच्या सह्या घेतल्या. मी कर्णधार होते. पहिली सही माझी आहे. आता लिहितानाही माझा मलाच इतका संताप येतो की पेन फेकून द्यावं. मला कुणी मारणार नव्हतं, कुणी फाशी देणार नव्हतं. फक्त हात वर करायचा होता. दुसऱ्या दिवशी गेले तर माझी बादली जागेवर नव्हती. चोरीला गेली असेल असं वाटलं, आणि बरंही वाटलं.

त्या संक्रांतीला परीक्षण झालं नाही. उरलेल्या सामन्यांत आम्ही सपाटून हरलो. शाहीन पुन्हा खेळली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, देवणी गावाला दिलं. मी पुढं खेळाची शिक्षिका झाले, नांदेडला नोकरी लागली, तीस वर्षं पोरींना शिट्टीवर हात वर करायला शिकवलं. काय तोंड आहे बघा माझं. लातूरला आले की अप्पांच्या दुकानात जायची, ते चहा मागवायचे, विचारायचे, "काय सात नंबर, बरी हाईस?" आणि गप्प बसायचे. ते गप्प बसणं मला टोचायचं. अप्पा, एकदा रागवायचं होतं ना. सगळ्यांसमोर नाव घ्यायचं होतं. त्या चिटणीसासमोर नाहीतर नंतर, दुकानात, चहा पिताना. तुम्ही साऱ्या गावाला खरं बोलायचात आणि माझ्याच वेळी कसला हा थोरपणा? मला त्याचाही राग आहे, आणि मेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, तरी आहे.

शोकसभा संपल्यावर महादेवी मला दुकानात घेऊन गेली. "ताई, वर माळ्यावर अप्पांचं सामान हाय. एक वस्तू तुमची हाय म्हणायलते." मी लाकडी जिन्यानं वर गेले. माळ्याला एक खिडकी, आणि खिडकीतून अख्खं मैदान दिसतं. मला इतक्या वर्षांत हे ठाऊक नव्हतं. खिडकीशी ती चेपलेली घागर पालथी घातलेली. म्हणजे अप्पा मैदानातून हलले होते, सामन्यातून नव्हते. आणि घागरीशेजारी पत्र्याची बादली, निळा सात. त्यांनीच उचलून आणली होती, फेसाची कड कुणाला दिसायच्या आत. बादलीत तपकिरी कागदांच्या सुरळ्या. दर संक्रांतीचं परीक्षण, एकही वर्ष न चुकता, कुणाला वाचून न दाखवलेलं. ज्या पोरींची नावंही त्यांना माहीत नसतील त्यांचे नंबर आणि त्यांच्या चुका.

तळाशी त्या वर्षीचा कागद होता. नऊ नंबर, अशी पुन्हा होणार न्हाई. चार नंबर, आता पोचायली. आणि सात नंबर, फाऊल. हात अजून वर केला न्हाई.

मी त्या घागरीवर बसले आणि मोठ्यानं शिव्या दिल्या. अप्पांना, चिटणीसांना, सगळ्यात जास्त स्वतःला. महादेवी खालून विचारत होती, ताई काय झालं. त्या 'अजून' शब्दानं माझा जीव घेतला. माणूस वाट बघत होता.

गेल्या ऐतवारी मी बादली घेऊन देवणीला गेले. शाहीननं दार उघडलं. आता आजी झालीय, डाव्या पायावर भार न देता उभी राहते. हसली, सात नंबर म्हणाली, आणि मग तिला माझ्या हातातली बादली दिसली. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. आत गेले असते, चहा झाला असता, तर माझ्यानं पुन्हा बोलवलं नसतं. मी दुसरा हात वर केला. साठीची बाई, भर रस्त्यात, हात वर करून. आणि सांगितलं. कपड्यांचं पाणी होतं. मी आणलं होतं. मला माहीत होतं.

शाहीन उंबऱ्यापर्यंत आली. तिनं बादलीवरच्या आकड्यावरून बोट फिरवलं, काठावरून फिरवलं. तिचा चेहरा मी लहानपणापासून ओळखते, पण हा मी कधी पाहिला नव्हता.

"हात खाली घे," ती म्हणाली. "बादली ठेव हितंच. तू जा आता. पुढच्या ऐतवारी ये. तवर मला तुझा राग राग करू दे."

मी बादली तिच्या दारात ठेवली आणि यष्टी धरली. आज शुक्रवार आहे.