देवदूताकडे तिरकं बघणारी

“ह्यात काय मिसळलंय?” रंगाची ट्यूब हातात घेतली की ताई आधी हुंगायच्या. तेलाची बाटली खिडकीत धरायच्या. “जवसाचंच हाय कशावरून?”

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतून तुम्ही कधी फिरला असाल, तर कदाचित त्या दिसल्याही असतील. मांडी घातलेल्या, समोर पांढरी मूर्ती, हातात बारीक ब्रश. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी त्यांच्याकडे असायची. रोह्याला माझ्या घरी रविवारी चित्रकलेचा वर्ग चालतो, तिथे त्या गाडीने यायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “देवाचे डोळे येतात मला. माणसाचे शिकवा.”

मी तैलरंगात नक्कल करायला एक चित्र दिलं. इटलीतल्या एका मठाच्या भिंतीवरचं, काही शतकांपूर्वीचं. तुझ्या पोटी देवाचा पुत्र जन्माला येणार, असं देवदूत मरियमला सांगतोय आणि तिने नजर झुकवली आहे.

“भिंतीवर कसं काढलं हे?”

“ओल्या गिलाव्यावर, पाण्यात कालवलेल्या रंगांनी.”

“मग आपण तेलात का? काय तरी लपवताय, सर.”

तेल सावकाश वाळतं, चूक सुधारता येते, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

देवदूताचे पंख त्यांना सुरेख जमले. मग मरियमचे डोळे आले. ते झुकलेले नव्हते. पापणीआडून ती देवदूताकडे तिरकं बघत होती.

“मूळ चित्रात असं नाही, ताई.”

“अनोळखी माणूस घरात शिरतो, वर सांगतो तुला पोर होणार. कुठली बाई मान खाली घालून ऐकेल? आधी बघेल ना, कोण हाय हा!”

मला हसू आलं. पण नक्कल म्हणजे नक्कल. त्या गेल्यावर मी ब्रश घेतला आणि पापण्या खाली केल्या.

पुढच्या रविवारी चित्रावरचं कापड काढताच त्या थबकल्या. “हात कोणी लावला?”

“वाळताना रंग बदलतो थोडा,” मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग ब्रश पुसले, पिशवीत भरले आणि निघून गेल्या. पुढचे तीन रविवार आल्याच नाहीत.

शेवटी मीच पेणला गेलो. कारखान्यात त्या एका मूर्तीसमोर बसल्या होत्या. हातातला डोळा पुरा होईपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

“पापण्या मीच बदलल्या,” मी म्हणालो.

“ठाऊक हाय. फटकारा उलट्या बाजूने आला होता. वर्गात डावरे तुम्ही एकटेच.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुम्ही बोलताय का, ते बघत होते.”

पुढच्या रविवारी त्या आल्या. माझ्या पापण्या सुरीने खरवडल्या आणि ते तिरके डोळे पुन्हा काढले. खरं सांगायचं तर, त्यांच्या नकलेशेजारी मूळ चित्रातली मरियमच मला जरा घाईने विश्वास ठेवणारी वाटू लागली होती.

त्या वर्षीचे गणपती कारखान्यातून बाहेर पडायच्या आधीच कावीळ होऊन त्या गेल्या. मला फार उशिरा कळलं.

चित्र पुरं झालं त्या रविवारी मी त्यांना सोडायला स्टेशनवर गेलो होतो. रंग अजून ओलाच होता. “धरा जरा,” म्हणत त्यांनी चित्र माझ्या हातात दिलं आणि तिकिटाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. रांग लांब होती. पुढच्या बाईशी त्यांच्या गप्पा रंगल्या. मी दोन्ही हातांनी कडा धरून उभा होतो. तिकीट हातात पडेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.