कूलरवाला हेमराज आणि एकोणीस मेची दुपार

नागपुरात वर्षाचे आठ महिने हेमराज धकातेला कुत्रंही विचारत नाही. मार्च लागला, ऊन तापायला लागलं, की मात्र कूलरला खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बसवणारा हा माणूस लोकांना देवाहून जवळचा होतो. बाप हातमागावर लुगडी विणायचा. माग विकावा लागला तेव्हा बापानेच पोराला कूलरच्या दुकानात नेऊन बसवलं. तेव्हापासून आज पन्नाशी उलटेपर्यंत हेमराजने दुसऱ्यांची घरं गार केली.

घरचा कूलर मात्र कायम शेवटी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय? चार वर्षांपूर्वी एकोणीस मेला दुपारी बारा वाजता त्याच्या बायकोचा, भारतीचा, फोन आला. "अहो, कूलरचा पंप बंद पडला. जीव घाबरून राहिला, या ना." हा म्हणाला, "तीन घरं राहिली आहेत, मंग येतो." आला साडेचारला. भारती खाटेवर पडलेली होती आणि सगळं संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. हेमराज आजवर एवढंच म्हणतो, उन्हाला कशाला नावं ठेवायची, मीच गेलो नाही.

यंदाच्या मेमध्ये तो नागपूरजवळच्या वाडी गावातल्या एका गोदामात कूलर बसवायला गेला. मागच्या बंद खोलीत कसलासा आवाज आला म्हणून डोकावला, तर सतरा वर्षांची एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ पत्र्याच्या पेटीवर मगाने पाणी ओतत होते.

"काय करून राहिले गा?"

भाऊ रडकुंडीला आला होता. प्रशिक त्याचं नाव. "काका, आमचं यंत्र तापलं. तापलं की चालूच होत नाही. आम्ही सन दोन हजार साठमधून आलो. आजोबांचे आजोबा एकोणीसशे छप्पनच्या धम्मदीक्षेले गेले होते, त्यांले पाहाले चाललो होतो. मधातच बंद पडलं."

मे महिन्यात हेमराजने याहून भलतंसलतं बरळणारी माणसं पाहिली होती. त्याने दोघांना आधी पाणी पाजलं.

मुलीचं, रोशनीचं, डोकं अजून ठिकाणावर होतं. "पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, शाळेत शिकलो आम्ही," ती म्हणाली. "मंग एवढं ओतून हे थंड काहून होत नाही?" तिने ओलसर भिंतीला हात लावला आणि थोडा विचार केला. "या खोलीतली हवाच ओली झाली. पाणी उडून जाईल कुठं? कोरडी हवा पाहिजे, अन् ती वाहती पाहिजे."

"अवं पोरी, त्यालेच कूलर म्हणतात!" हेमराजला हसू आलं. "अन् बंद खोलीत कूलर लावते का कोणी?"

त्याने समोरासमोरची दोन्ही शटरं उघडली. नव्या ताट्या भिजवल्या, पंखा लावला, पेटी बरोबर वाऱ्यात ठेवली. रोशनी दर पाच मिनिटांनी पेटीला हात लावून पाहत होती आणि मान डोलवत होती. निवायला अर्धा तास लागणार होता.

त्या अर्ध्या तासात हेमराजचं मन नको तिथे गेलं. पोरांची गोष्ट त्याला पटली होती असं नाही, पण ती खरी असावी असं त्याला फार फार वाटायला लागलं. शेवटी न राहवून त्याने भारतीचं सगळं सांगितलं.

"मले नेता का? चार वर्षंच मागं जायचं आहे. पंप सुरू करून देतो, दहा मिनिटांचं काम आहे."

रोशनीने मान खाली घातली. "दोघांचंच वजन उचलते हे, काका. अन् मधात कुठं थांबत नाही. वाटेतलं दिसते फक्त. इथं बिघडलं म्हणून थांबलं."

मंग त्या दुपारीही बिघडू द्या, हे हेमराजच्या अगदी ओठांवर आलं होतं. प्रशिकचं सुकलेलं तोंड पाहून त्याने ते गिळलं.

"बरं," तो म्हणाला, "मंग जाता जाता तिले पाहा. एवढं करा. शेवटी तिच्याजवळ कोणी नव्हतं वं. कोणी पाहालेच नव्हतं तिले." आणि तो भडाभडा सांगत सुटला. एकोणीस मे, बारा ते साडेचार. खिडकीखाली खाट. हिरवं पातळ. कपाळावर ओला रुमाल ठेवला असेल, डोकं दुखलं की ती तसंच करायची. रोशनी डोळे पुसत एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत होती.

पेटीवरचा दिवा लागला. पोरं पेटीला धरून उभी राहिली, "येतो काका," म्हणाली आणि दिसेनाशी झाली. हेमराज तिथंच खाली बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला थोडं बरं वाटत होतं. आता निदान कोणीतरी भारतीला पाहील.

मग त्याच्या लक्षात आलं. जन्मभर लोकांनी त्याला पत्ते सांगितले होते. आपला पत्ता कोणाला सांगायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. एवढ्या मोठ्या नागपुरात कोणत्या गल्लीत, कोणत्या घरात पाहायचं, हे त्याने पोरांना सांगितलंच नव्हतं.

तो धडपडत उठला आणि त्या रिकाम्या खोलीत त्याने ओरडून आपल्या घराचा पत्ता सांगितला. मग पुन्हा एकदा सांगितला, सावकाश, लिहून घेणाऱ्याला सांगतात तसा.