राजमक्कांची शिरगणती

मे महिन्यातल्या एका सोमवारी राजमक्का दहीभाताचा डबा, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन घराबाहेर पडल्या, तेव्हा तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी गल्लीने एकच निष्कर्ष काढला: ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीचं त्यांच्यावाचून अडलं असणार. एकतीस वर्षं त्या याच थाटात बस धरून तिथे टायपिंगला जात होत्या. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी नऊ वाजले की छत्रीकडे हात जायचाच.

“कचेरीत नव्हे रे मुरली, वर्गात,” त्या मला म्हणाल्या. मी समोरच्या घरात राहतो, त्यामुळे गल्लीच्या वतीने विचारपूस करायचं काम माझ्याकडे आहे. “विद्यापीठाचा उन्हाळी वर्ग आहे. चार आठवडे. शहरात माणसे कशी राहतात ते शिकवतात.”

“ते तुम्हाला शिकवणार?”

“फी भरली आहे. शिकवू देत की.”

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना बाळकृष्णरावांशी लग्न झालं आणि कॉलेज राहिलं ते राहिलंच. पुढे नोकरी लागली ती दाखले टाईप करायची. उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासाचे. अर्ध्या तालुक्याचं अस्तित्व राजमक्कांच्या बोटांतून कागदावर उतरलं असेल. विद्यापीठाचा शिक्का असलेला, स्वतःच्या नावाचा मात्र एकही कागद त्यांच्याकडे नव्हता. तो त्यांना हवा होता. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत, पण हॉलमधल्या भिंतीवर एक रिकामा खिळा ठोकून घेतला होता. तो मीच ठोकला.

वर्गात सगळी विशीतली मुलं. पहिल्या दिवशी त्यांनी राजमक्कांना ‘मॅडम’ म्हटलं, दुसऱ्या दिवशी ‘अक्का’, आणि गुरुवारी ‘अक्का, डब्यात काय?’ शिकवणारे वैद्यनाथसर पस्तिशीचे, अंगाने बारीक आणि शब्दाला पक्के. त्यांनी काम नेमून दिलं. प्रत्येक गल्लीत दोघांनी वेगवेगळं फिरायचं, घरोघर किती माणसं राहतात ते लिहायचं. दोघांचे आकडे जुळले पाहिजेत. शेवटच्या शुक्रवारपर्यंत अहवाल मान्य झाला तर प्रमाणपत्र, नाहीतर नाही.

आमच्या गल्लीत घरं एकोणीस. राजमक्कांच्या जोडीला साईप्रिया नावाची मुलगी होती, त्रिचीची. तिची मोजणी दोन दिवसांत झाली. राजमक्कांना आठ दिवस लागले, कारण त्यांना कुठल्याच घराने कॉफीशिवाय सोडलं नाही आणि कॉफी पिऊन लगेच उठणं त्यांना कधी जमलेलं नाही.

साईप्रियाचा आकडा आला एकतीस. राजमक्कांचा चौऱ्याहत्तर.

वैद्यनाथसरांनी आधी टायपिंगची चूक असेल असं म्हणून पाहिलं. एकतीस वर्षं टाईप केलेल्या बाईला हे म्हणणं म्हणजे आचाऱ्याला मीठ विसरलात का विचारणं.

“तुम्ही काय विचारत होता, अक्का?” सरांनी तमिळमध्ये चौकशी केली.

“काही नाही. स्वयंपाकघरात जाऊन पेले मोजले.”

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमच्या गल्लीतल्या घरांत प्रत्येकाचा पितळी पेला वेगळा असतो. बाळाच्या बारशाला त्याच्या नावाचा पेला येतो. सून यायची असली तर तिच्या आधी तिचा पेला येतो, वर नाव कोरून. तमिळ अक्षरांत, कारण घरी मराठी बोललो तरी आम्हाला वाचता येतात ती तीच. माणूस चेन्नईला जावो, सिंगापूरला जावो, त्याचा पेला फळीवरच. दर शुक्रवारी सगळ्यांबरोबर तोही चिंचेने लख्ख घासायचा. माणूस गेलं, म्हणजे खरोखरच गेलं, की वर्षश्राद्धानंतर पेला माळ्यावर जातो. तेव्हा कोण घरचं आहे हे बघायला राजमक्का फळीकडे बघणार नाहीत तर कुठे बघतील?

“पण अक्का, तुम्ही रहिवासाचे दाखले टाईप करत होता ना?” साईप्रियाने विचारलं. “सहा महिने जो इथे झोपला तो रहिवासी.”

“दाखल्यावर तहसीलदार सही करत, कण्णा,” राजमक्का तिला लाडाने म्हणाल्या. “त्यांना आमची फळी कोठे ठाऊक?”

पोरं हसली. सर हसले नाहीत. ते चौऱ्याहत्तरांची यादी वाचत बसले. एका घरात दोन म्हातारी माणसं आणि नऊ पेले. एका घराला कुलूप, किल्ली शेजारी, पेले पाच, आणि शेजारीण दर शुक्रवारी जाऊन घासून येते. सरांनी चष्मा पुसला.

“दोन रकाने करा,” ते म्हणाले. “झोपणारे एक, पेलेवाले दुसरा. मी मान्य करीन. पण अक्का, नियम तुमचा असला तरी एकोणीस घरांना सारखाच लागला पाहिजे. तुमच्या स्वतःच्या घरात चार पेले लिहिलेत. तुम्ही, मुलगा अनिरुद्ध, सून हरिप्रिया. चौथा कोण?”

राजमक्कांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. “उद्या सांगते,” म्हणाल्या.

सांगण्यासारखं काही नव्हतं. गल्लीला ठाऊकच होतं. बाळकृष्णरावांना जाऊन चार वर्षं झाली, आणि पेला फळीवर होता तिथेच होता. अनिरुद्ध सिंगापूरहून फोनवर म्हणायचा, “आई, अप्पांचा पेला वर ठेव आता.” “उंच आहे रे माळा,” या म्हणायच्या. माझे हात माळ्याला सहज पोचतात, ही गोष्ट त्या चार वर्षं सोयीने विसरत होत्या.

दुसरा दिवस म्हणजे तोच शेवटचा शुक्रवार. सकाळी मला हाक आली. मी गेलो तर चारही पेले घासून ओळीने मांडलेले. राजमक्का बाळकृष्णरावांच्या पेल्यातून कॉफी पीत होत्या. असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“यांना साखर दीड चमचा लागे,” त्या म्हणाल्या. “काय गोड पीत होता हा माणूस. कसे चालले इतकी वर्षे कोण जाणे.” पण संपवली सगळी. मग पेला विसळला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. “जपून ठेव. आडवा नको, उभा ठेव.”

मी उभा ठेवला. त्यांनी खाली टेबलावर कागद ओढला, चारावर रेघ मारून तीन लिहिले, खाली त्र्याहत्तर केले आणि छत्री घेऊन निघाल्या. दहीभाताचा डबा मात्र विसरल्या. तो मी मागे धावत नेऊन दिला.

संध्याकाळी प्रमाणपत्र आलं. आमच्याकडे नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर बायकोच्या नावाआधी लागतं, त्यामुळे त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं ‘बी. राजम’. राजमक्कांनी त्या ‘बी’वरून बोट फिरवलं. “हा आहे येथे,” म्हणाल्या, “हा कागद काही माळ्यावर जायचा नाही,” आणि मला खिळा जरा वर घ्यायला लावला.