नेलिदाची उपाशी बुरशी

हालापा शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत नेलिदा ओठ रंगवून, गुणगुणत कामाला येते. तिच्या बशीतली कृमीखाऊ बुरशी आपल्या धाग्यांचे फास वेळेवर लावते आणि जेवणाच्या सुट्टीआधी सगळे कृमी पकडते. माझ्या बशीतले कृमी मात्र संध्याकाळपर्यंत मजेत वळवळतात! शाबासकी तिला, जळफळाट माझा.

शेवटी मी विचारलंच, "काय गं, मंत्र घालतेस की काय?"

"मातिल्दे, तू बुरशीला लाडाने खाऊ घालतेस. भरल्या पोटी कोण कुणाच्या गळ्यात फास टाकेल? आधी तिला उपाशी ठेव, मग कृमी सोड आणि बघ."

खोटं बोलते मेली. मक्याच्या पिठाचे चांगले चार तामाल हाणून बसले होते मी, तरी माझी नजर तिच्या गळ्यावरच होती.