सतरा नंबरचं घर

ऊर्जेचं स्थित्यंतर, हवामान बदल आणि प्रादेशिक सुरक्षा, असा माझ्या कामाचा लांबलचक विषय आहे. तो सांगितला की ऐकणारा मान डोलावतो आणि चहाचं विचारतो. वडील मराठवाड्यातून वीज प्रकल्पात नोकरीला आले, म्हणून मी बोईसरला वाढले. आता तिथंच जवळ, सालवडला भाड्यानं राहते. शेजारणींना मी एवढंच सांगते की सर्वे करते.

चार वर्षांपूर्वी संस्थेनं मला डोंगराकडच्या एका पाड्यावर पाठवलं. पाड्याच्या डोक्यावरून तारापूरची वीज नेणाऱ्या तारा जातात, खाली भाताची आणि नागलीची लहान लहान खाचरं. पाऊस हल्ली वाटेल तेव्हा येतो आणि कापून ठेवलेलं भात कुजवून जातो. म्हणून तिथले पुरुष गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जायला लागले होते. ज्यांनी समुद्र फक्त लांबून पाहिलेला, अशी डोंगरातली माणसं. मासा किनाऱ्यापासून लांब सरकला तशा बोटीही लांब जाऊ लागल्या, थेट पाकिस्तानच्या हद्दीपर्यंत. पाऊस, मासा आणि हद्द असं सगळं एकाच घरात सापडत होतं, त्यामुळे आमचे मार्गदर्शक खूश होते. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू.

माझ्या यादीतल्या सतरा नंबरच्या घरातला माणूस त्या वर्षी पहिल्यांदाच बोटीवर निघाला होता. त्याच्याशी मी दोन तास बोलले. मग अंगणात उभं करून त्याचा फोटो काढला. नवा निळा शर्ट, हात शिपायासारखे ताठ. "हसा की जरा," त्याची बायको दारातून म्हणाली आणि तो खरंच हसला. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता.

आमच्या कामाचे नियम असतात. नावं काढून घराला नंबर द्यायचा, फोटोतले चेहरे पुसायचे, अहवाल छापून झाला की मूळ फोटो नष्ट करायचे. हद्दीजवळ जाणाऱ्या माणसांच्या बाबतीत तर जास्तच जपायचं. नियम चांगल्यासाठीच आहेत, आमच्या कागदांमुळे कुणाला त्रास होऊ नये म्हणून. मी ते इतक्या काटेकोरपणे पाळले की बैठकीत माझं उदाहरण दिलं गेलं आणि मी दिवसभर हवेत होते. अहवालाच्या एक्केचाळिसाव्या पानावर तो निळ्या शर्टात उभा आहे आणि मानेच्या वर नुसता करडा डाग आहे. खाली ओळ आहे, 'बदलत्या हवामानाशी जुळवून घेणारं कुटुंब'. ती ओळ माझी.

गेल्या वर्षी त्याची बायको पत्ता विचारत विचारत सालवडला माझ्या दारात आली. त्याची बोट पलीकडच्या गस्तीनं पकडून नेल्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. तिकडच्या कैद्यांची यादी आली होती. त्यात त्याचं नाव होतं, पण बापाचं नाव चुकलेलं आणि गाव भलतंच. हा तुमचाच माणूस असेल तर त्याचा फोटो आणा, असं तिला पालघरच्या कचेरीत सांगितलं होतं. आधार कार्ड तो पिशवीत घालून बोटीवर घेऊन गेलेला. दुसरा फोटो घरात नव्हताच. राहिली होती त्या कार्डाची झेरॉक्स, आणि झेरॉक्सवर चेहऱ्याच्या जागी काळं फासल्यासारखं झालेलं.

"तुमी काडलेला ना एक फोटो," ती म्हणाली. "तेवडा द्या."

फोटो नाही हे मला माहीत होतं. तरी मी लॅपटॉप उघडला, जुना मोबाइल चार्जिंगला लावला, संस्थेत फोन केला. नाही म्हणायचा धीर होत नव्हता म्हणून अर्धा तास शोधण्याचं नाटक केलं. ती पदराशी चाळा करत बघत होती. शेवटी सांगितलं की मी तो पुसून टाकला.

"का पुसला?"

"त्यांना कुणी ओळखू नये म्हणून. पुढे त्रास नको."

"आता वलकायलाच तर पायजे, म्याडम," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पालघरला गेलो. मी संस्थेच्या कागदावर पत्र लिहून नेलं होतं, याला मी भेटले आहे, उंची इतकी, पुढचा दात तुटलेला. माझ्याकडच्या अहवालातलं एक्केचाळिसावं पान तिनं मागून, घडी घालून घेतलं होतं. कारकून भला माणूस होता, त्यानं पत्र दोनदा वाचलं. पान पाहून मात्र तो माझ्याकडे बघत राहिला. "मॅडम, याच्यावर कोण काय करणार?" अर्ज फोटोशिवायच पुढे गेला. त्यानंतर तिकडून काही खलाशी सुटून आले. तो आला नाही.

या हिवाळ्यात सर्वेची दुसरी फेरी आली. सतरा नंबर दुसऱ्या कुणाला द्या, असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही आणि गेले. तिनं सगळी उत्तरं नीट दिली. घरात पुरुष किती, यावर थोडं थांबून म्हणाली, "एक लिवा." मी एक लिहिलं.

ते पान भिंतीवर चिकटवलेलं होतं. तिच्या मुलीनं करड्या डागावर पेन्सिलीनं डोळे, नाक, मिशी आणि हसरं तोंड काढलं होतं. तोंडात दातही होते, सगळे सारखे.

"दाताचा राह्यलाय," ती म्हणाली. "मी म्हनते डावा तुटलेला, सासू म्हनते उजवा. तुमी तवा सगळा लिवून घेतलेला. कुठला व्हता?"

मुलगी पेन्सिल घेऊन उभी राहिली. मी त्या अंगणातला माणूस आठवायचा प्रयत्न केला. शर्ट आठवला, हात आठवले. दात कुठल्या बाजूचा ते मी पत्रातही लिहिलं नव्हतं.

"डावा," मी म्हटलं.

मुलीनं डावीकडचा दात अर्धा खोडला.